सहावा संदर्भ

"हे सहावं कार्ड कोरं का ठेवलंयस?"

तांबोळी मॅडमनी माझी कार्डं पत्त्यांसारखी टेबलावर मांडली होती. पाच भरलेली, एक कोरं. स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर मैदानावर पंधरा ऑगस्टच्या परेडची तयारी चालली होती आणि उघड्या खिडकीतून धूळ आत येत होती.

"मिळालं नाही, मॅडम."

"मिळायला ते काय हरवलंय? नियम वाचलेस ना स्पर्धेचे? कमीत कमी सहा संदर्भ. त्यात एक तरी जिवंत माणूस. ज्याच्यावर हा प्रश्न गुदरतोय, असा."

मी तेव्हा वडूजच्या कॉलेजात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांची निबंधस्पर्धा होती. पावसाळ्यातली सकाळ, माझा आवडता ऋतू, असलं काही नको होतं त्यांना. एक बाजू घ्यायची आणि ती पुराव्यानिशी पटवून द्यायची. विषय आपला आपण निवडायचा. मी निवडला होता, 'पहिलं बाळंतपण माहेरीच का?' कारण सोपं होतं. माझ्या थोरल्या बहिणीला, हेमाताईला, सहावा महिना संपत आला होता आणि घरात दुसरा विषय नव्हता.

"आणि तुझी बाजू कुठली?" मॅडमनी विचारलं.

"माहेरी व्हावं, अशी."

मॅडमनी पाचही कार्डं पुन्हा वाचली. आरोग्य खात्याची पुस्तिका, एका डॉक्टरांचा वर्तमानपत्रातला लेख, रूढींच्या इतिहासावरचं पुस्तक, एका मासिकानं केलेली पाहणी, तालुक्याच्या दवाखान्यातून उतरवून आणलेले आकडे.

"मग ही पाचही तुझ्या विरुद्ध कशी बोलतायत गं? पुस्तिका म्हणते, जिथं नाव नोंदवलं तिथंच बाळंत व्हावं. डॉक्टर म्हणतात, सातव्या महिन्यात दवाखाना बदलू नये. पुस्तक म्हणतं, मुली बारा-तेरा वर्षांच्या असायच्या म्हणून माहेरी आणायचे. तुझ्या बाजूनं कोण बोलतंय?"

"आई."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, लेकीचा चेहरा उतरला की तो आईला आधी दिसतो."

मॅडम हसल्या. चेष्टेनं नाही, मायेनंच. "मग काय लिहू या? संदर्भ क्रमांक सात, आई?"

मी पण हसले. आणि मला आईची जराशी लाज वाटली, ते आजही आठवतं.

"हे बघ स्वरूपा," मॅडम कार्डं गोळा करत म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. एक तर तुझ्या बाजूचा पुरावा शोध. आठ दिवस आहेत, चप्पल झिजव. नाहीतर पुरावा जिकडं जातोय तिकडं तू जा. पण मनात एक आणि कार्डावर एक असं नको. आणि बहिणीला समोर बसवून विचार."

"ती चिंचवडला असते, मॅडम."

"मग फोनवर विचारलं, असं लिही. आणि बोलताना तिच्याजवळ कोण होतं तेही लिही. माणूस म्हणजे छापलेलं पान नाही. कुणासमोर बोलतोय त्यावर त्याचं म्हणणं बदलतं."

मी मान हलवली. तो त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला होता, आणि मी तो वहीत लिहूनही घेतला.

दोन दिवस लायब्ररीत बसले. माहेरच्या बाजूनं छापलेली एक ओळ मिळाली नाही. मासिकांचे जुने गठ्ठे उलथले, शिंका आल्या, लायब्ररीतले काका म्हणाले, "पोरी, तुझं लग्न ठरलंय का, एवढं बाळंतपणाचं वाचतेस?" तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाजू बदलली. बदलल्यावर निबंध असा भराभर उतरला की माझं मलाच कौतुक वाटलं. एकेक वाक्य मागच्या वाक्याचा हात धरून येत होतं. पुरावा जिकडं जातोय तिकडं चालणं किती सोपं असतं, असं वाटलं.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं.

"येत्या गुरुवारच्या पुढच्या गुरुवारी जायचं आणि पोरीला घेऊन यायचं," आई सुपातली मटकी निवडत म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

आप्पा तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला कारकून होते. तीस वर्षं कागदांच्या गठ्ठ्यांत काढल्यामुळं कुठलीही गोष्ट त्यांना कागदाशिवाय खरी वाटत नसे. "जावयांचा फोन आला होता, विलासरावांचा. ते म्हणतात, इथंच करू. दवाखाना दहा मिनिटांवर आहे. पहिल्यापासून तिथंच नाव घातलंय, सगळे रिपोर्ट तिथं. इथं काही कमीजास्त झालं तर साताऱ्याला पळवावं लागेल. खोटं आहे का?"

"माझी दोन्ही माहेरीच झाली, खेड्यात."

"तो काळ वेगळा होता."

"काळ वेगळा असंल. बाळंतीण तीच असती."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. कागद काय म्हणतो ते बघायला पाहिजे." मग आप्पांना माझी आठवण झाली. "ही त्याच्यावरच लिहितेय ना? रूपे, काय निघालंय तुझ्या अभ्यासातून?"

दोघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. त्या घरात इतक्या वर्षांत माझ्याकडं असं कुणी पाहिलं नव्हतं.

"पुरं होऊ दे," मी म्हणाले. "रविवारी वाचून दाखवते."

"ठीक. रविवारी ऐकू आणि रविवारीच ठरवू. हेमाला आणायची की नाही ते."

आईनं सूप भिंतीशी ठेवलं, आणि मी चहा टाकायला उठले तशी मागोमाग आली.

"माझं घालतीस ना त्यात?"

"काय तुझं?"

"हेच. पाय सुजले तर पोरगी सासूला सांगत नाही. नवऱ्याला दिसत नाही. आईला सांगावं लागत नाही, दारात चप्पल काढताना कळतं. हे लिही."

"आई, तसं चालत नाही त्यात. आकडे लागतात."

"मग माझं वय घाल," आई म्हणाली. "चांगला मोठा आकडा आहे."

हेमाताईच्या सासरची खानावळ होती. कंपन्यांच्या पट्ट्यात, साठ-सत्तर डबे आणि वर बसून जेवणारे वेगळे. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या काउंटरवर बसायच्या. दाजी सकाळी डबे पोचवायचे आणि दुपारी दुसरी पाळी. चपात्या ताईकडं. फोन एकच, तो काउंटरवर. ताईला स्वतःचा फोन नव्हता.

शुक्रवारी दुपारी मी फोन लावला. श्रावणातला शुक्रवार होता. आई शेजारी सवाष्ण म्हणून जेवायला गेली होती.

"हॅलो, खानावळ."

"मावशी, मी स्वरूपा. ताई आहे का?"

"होय गं होय. बरी आहेस? आई बरी आहे? थांब हं. हेमे! तवा राहू दे जरा. तुझ्या बहिणीचा फोन."

भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी, कुणीतरी रस्सा मागत होतं. मग ताई.

"बोल गं."

"ताई, निबंधासाठी तुला एक विचारायचंय."

"अगं, अजून निबंधच लिहितेस? मला वाटलं, कॉलेजात काहीतरी वेगळं शिकवतात."

"ऐक तर. तुझ्याच बाळंतपणावर लिहितेय."

"माझ्या?"

"म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी की सासरी, असं. तुझं मत पाहिजे. तू बोलशील तसंच लिहिणार. शब्द न शब्द."

"शब्द न शब्द?"

"हो."

मग ती शाळेत पाठ म्हणावा तसं म्हणाली, "इथं सगळं चांगलं आहे. दवाखाना जवळ आहे. घरातले सगळे काळजी घेतात. लिहिलंस?"

"लिहिलं. दमायला वगैरे होतं का?"

"दमायला कुणाला होत नाही? लिहिलंस?"

"हो."

"कधी द्यायचाय?"

"सोमवारी."

"आप्पांना वाचून दाखव आधी."

"दाखवणारच आहे. रविवारी. ते तर तुझं..."

"नक्की दाखव रूपे. विसरू नकोस. तू चांगलं लिहितेस. आप्पा तुझं ऐकतात." मग हळू आवाजात, "आई कुठंय?"

"कुलकर्ण्यांकडं. सवाष्ण."

"बरं. ठेवते. तवा तापलाय."

दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी लगेच कार्ड भरलं. गर्भवती महिला, वय चोवीस, शिक्षण बारावी, पहिली खेप. तिची तिन्ही वाक्यं अवतरणचिन्हांत. खाली लिहिलं, 'दूरध्वनीवरून.'

जवळ कोण होतं, ते लिहिलं नाही. मला माहीत नव्हतं असं नाही. फोन कुणी उचलला ते मीच ऐकलं होतं. पण ते लिहिलं असतं तर सहावा संदर्भ कच्चा पडला असता, आणि सहावा संदर्भ माझा सगळ्यात चांगला होता.

संध्याकाळी आईनं जिवतीची पूजा केली. मला पाटावर बसवून ओवाळलं आणि ताईच्या नावानं पुण्याच्या दिशेला चार अक्षता टाकल्या. मी पाटावरून उठून पुन्हा लिहायला बसले.

रविवारी आप्पांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि खुर्ची खिडकीपाशी ओढून बसले. आई भिंतीला टेकून खाली. मी उभी राहून वाचलं. सहा पानं. कुठंही अडखळले नाही. आकडे आले तिथं आप्पांनी मान हलवली. बालविवाहाचा परिच्छेद आला तिथं "अस्सं!" म्हणाले. विरुद्ध बाजू म्हणून मी आईचं चेहऱ्याचं वाक्य घातलं होतं, 'अशी भावनिक समजूत समाजात आढळते' असं, आणि पुढच्याच ओळीत ते खोडून काढलं होतं. आईला कळलं की नाही, मी बघितलं नाही. शेवट मी पाठ केला होता.

"आता जिच्याविषयी हा सारा वाद, तिचं म्हणणं काय? ती म्हणते, 'इथं सगळं चांगलं आहे. दवाखाना जवळ आहे. घरातले सगळे काळजी घेतात.' तिची तक्रार नाही. शास्त्राची तक्रार नाही. मग प्रश्न एवढाच उरतो, की हट्ट कुणाचा?"

आप्पांनी शेवटचं पान हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाले, "ही आपली हेमा का?"

"हो आप्पा. परवाच बोलले मी."

"तिचेच शब्द?"

"शब्द न शब्द."

आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "संपलं मग. पोरगी स्वतः म्हणतेय. मी संध्याकाळी विलासरावांना कळवतो."

"मी एकदा जाऊन बघून येते," आई म्हणाली.

"बघायचं काय त्यात? ऐकलंस ना आत्ता?"

आई माझ्याकडं वळली. "तू बघितलीस का गं तिला?"

"आई, फोनवर बोलले मी."

"बोललीस ते ऐकलं. बघितलीस का?"

"चिंचवडला जाऊन बघू का मी निबंधासाठी?" मी चिडून म्हणाले.

आई उठली. ताईसाठी तिनं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, ती घडी करून ट्रंकेत टाकली आणि झाकण लावलं.

माझा निबंध जिल्ह्यात पहिला आला. परीक्षकांनी शेरा दिला होता की शेवटच्या संदर्भानं निबंधाला जिवंतपणा आलाय. आप्पा प्रशस्तिपत्र कचेरीत घेऊन गेले आणि तहसीलदारांना दाखवून आले.

आता माझी मुलगी चार वर्षांची आहे. बालवाडीतून येते आणि "मज्जा आली" म्हणते. मी तिला मांडीवर घेते, मोजे काढते, ढोपरं बघते, डबा उघडून किती उरलाय ते बघते, मानेला हात लावून बघते. नवरा म्हणतो, "अगं, सांगतेय ना ती, मजा आली." मी म्हणते, हो, ऐकलं मी. आणि मोजे काढत राहते.

त्या वर्षीचा दसरा होऊन गेल्यावर, एका मंगळवारी सकाळी, दाजींचा फोन आला. आप्पांनी घेतला. "काय?" म्हणाले. मग "बरं" म्हणाले. मग भिंतीला हात लावून उभे राहिले.

आम्ही तिघं मिळेल त्या एसटीनं निघालो. दाजी आम्हाला आधी खानावळीत घेऊन गेले, आणि तिथून रिक्षानं दवाखान्यात. मी घड्याळाकडं बघत होते. नऊ मिनिटं लागली. निबंधात मी दहा लिहिली होती.

बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आवाज न चढवता बोलत होत्या. रक्तदाब वाढला होता म्हणाल्या, बरेच दिवस वाढलेला असणार. मागच्या दोन तपासण्यांना ताई आलीच नव्हती. "पाय कधीपासून सुजलेत हिचे?" त्यांनी विचारलं. दाजींनी आपल्या आईकडं बघितलं. सासूबाईंनी दाजींकडं बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं.

"खंडेनवमीच्या जेवणांच्या ऑर्डरी होत्या हो," सासूबाई रडत आईला सांगत होत्या. "मी बस म्हणत होते तिला. देवाशपथ म्हणत होते. तीच बसत नव्हती." त्या खोटं बोलत नव्हत्या, असं मला अजूनही वाटतं. बस म्हणत असतील त्या. चपात्या कुणी लाटायच्या, ते म्हणत नसतील.

आईनं पांघरूण बाजूला करून ताईच्या घोट्यावर अंगठा दाबला. तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. आई त्या खळग्याकडं बघत बसली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, तेव्हाही आणि नंतरही, त्या कारणासाठी एकदाही नाही.

ताई माहेरी आली. दोन महिने उशिरा, रिकामी.

आई तिला तुपातला सांजा द्यायची, शेक द्यायची. बाळंतिणीचं सगळं केलं तिनं, बाळाचं सोडून. दूध येत होतं. आई जुन्या धोतराच्या पट्ट्या करून ताईची छाती घट्ट बांधायची. दिवसातून तीन-चार वेळा पट्टी बदलावी लागायची, आणि भिजलेल्या पट्ट्या आई मागच्या दाराला, कुणाला दिसणार नाहीत अशा, वाळत टाकायची. आप्पा तिच्यासमोर येत नसत. कचेरीतून आले की ओसरीवरच बसायचे.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी ताई म्हणाली, "रूपे, तो निबंध कुठाय तुझा?"

"कॉलेजात दिला गं."

"कच्चा असेल ना."

आई बाजारात गेली होती. मी कच्ची वही दिली. ताई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. मी समोर लसूण सोलत होते. ती हळू वाचायची, ओठ हलवत, शाळेत वाचायची तशी.

"हे बारा-तेरा वर्षांच्या मुलींचं खरंच असं होतं?"

"हो. पुस्तकात आहे."

"बिचाऱ्या." तिनं पान उलटलं. "चांगलं लिहिलंयस."

मग शेवटचं पान आलं. तिचे ओठ थांबले. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही मी."

"हो."

"नाव नाही घातलंस."

"घालायचं नसतं, ताई. तसा नियम असतो."

तिनं बोट काढलं नाही. "मी बोलत होते ना तेव्हा सासूबाईंनी परात पुढ्यात ओढली होती. मळत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या हात आत घालून."

"मग तू मला काहीतरी..."

"काय सांगायचं होतं मी? तू सांग ना. 'मला इथून न्या' म्हणायचं, त्या समोर असताना? आणि मग तुम्ही नेलं नसतंत तर? राहायचं तिथंच होतं मला." ती रागावली नव्हती. समजावून सांगत होती. "तू म्हणालीस, तुझ्याच बाळंतपणावर लिहितेय. मला वाटलं, मला आणायचं लिहितेस. एवढं शिकलेली बहीण लिहितेय म्हटल्यावर आप्पा ऐकतील. म्हणून तर म्हणाले, आप्पांना वाचून दाखव."

लसणाची पाकळी माझ्या हातात होती. ती खाली ठेवायचंही सुचेना.

"रविवारी दिवसभर वाट बघितली मी," ताई म्हणाली. "म्हटलं, आता ऐकलं असेल. आता फोन येईल. संध्याकाळी आला. ह्यांनी घेतला. हसत होते बोलताना. मी तव्यावरची चपाती उलटली आणि विचारलंच नाही काय म्हणाले ते."

"ताई, मी आधी तसंच लिहिणार होते. खरंच. माहेरच्याच बाजूनं."

"मग?"

"पुरावा मिळाला नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ती वही फेकेल, मला मारेल. मारायला हवं होतं. तिनं वही मिटली, तिचं दुमडलेलं कव्हर तळहातानं सारखं केलं आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"जपून ठेव," ती म्हणाली. "पहिला नंबर आहे."

मग तिनं छातीकडं बघितलं, आणि पट्टी बदलायला उठून आत गेली.

सव्वा महिन्यानं दाजी न्यायला आले. त्यांनी चपात्यांना दोन बायका ठेवल्या होत्या, ताईला नवा मोबाइल आणला होता. ते अपराध्यासारखे ओसरीच्या कडेला बसले. ताई गेली. पुढं तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यापलीकडं टिकलं नाही. मग तिनं तो विषय बंद केला.

सहा वर्षांनी मला सातवा लागला तेव्हा मी सांगलीला होते. माझं सासर चांगलं आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. सासूबाई शिक्षिका होत्या, नवरा घरातलं करतो. सगळे विचारत होते, बाळंतपण कुठं करायचं? मी म्हणत होते, तुम्ही म्हणाल तिथं. आईचे हात आता दुखायचे. आप्पा निवृत्त झाल्यापासून कमी बोलायचे. इकडच्या बाजूचं सगळं जड होतं आणि तिकडच्या बाजूला ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. ओटीभरणाला ताई आली नाही. काम आहे, असा निरोप तिनं आधीच पाठवला होता, आणि तो ऐकून माझ्या सासरच्या एक-दोघींना बरं वाटलेलं मी बघितलं होतं.

एका शनिवारी दुपारी ती न कळवता आली. एकटी, एसटीनं. सासूबाईंबरोबर चहा प्याली, त्यांच्या शाळेची चौकशी केली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "काकू, हिच्याशी पाच मिनिटं बोलू का आतल्या खोलीत? राग मानू नका."

"अगं, राग कसला? बोला की."

आत माझा नवरा पेपर वाचत पडला होता. "निखिलराव, पेपर बाहेर वाचा," ताई म्हणाली. तो हसत उठून गेला. तिनं माझ्या हातातला मोबाइल घेतला, बंद केला, दार लावलं, कडी घातली. खिडकीतून वाकून खाली कोण आहे ते बघितलं. मग पलंगावर माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आता बोल."

"काय?"

"कुठं व्हायचंय तुला?"

"ताई, अगं हे लोक खरंच चांगले आहेत. मला कुणी ग्लाससुद्धा उचलू देत नाही. आणि आईचे हात..."

"असतील चांगले. मी ते नाही विचारलं."

ती थांबली. घाई नव्हती तिला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, बोलण्याकडं नाही. मग रडू आलं, एवढं की पोटाला हात लावून धरावं लागलं.

"मला घरी यायचंय."

"बरं."

"पण ताई, मी ह्यांना सांगू काय? इथं मला काही म्हणता काही त्रास नाही. कारण काय द्यायचं मी?"

"मी मागितलं का कारण?" ताई म्हणाली.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग पलंगावर चढून कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यावरची धूळ हातानं झटकली आणि उघडली.

"उद्या सकाळी साडेसातची गाडी आहे," ती म्हणाली. "किती गाऊन घेऊ?"